दुसऱ्या मजल्यावरचं वर्तुळ

फॉर्मवर एक रकाना होता : ध्येय.
दीड इंच जागा.
प्रणय खोब्रागडे, वय तेवीस, गळ्यात शिटी,
म्हणाला, काकू, काहीतरी मोठं लिहा.
मी लिहिलं, वजन कमी करणे,
आणि खाली सही ठोकली,
पाणीपट्टीच्या खिडकीवर तीस वर्षं ठोकत आले तशी,
न वाचता.

ते कारण एकोणीस दिवस टिकलं.

मग साखरेचा रिपोर्ट आला.
भीतीनं मी गांधीसागरला फेऱ्या मारल्या,
पहाटे पाचला, चपलेतच.
भीती पळवते चांगली,
पण तिला स्वतःला दम लवकर लागतो.
दिवाळीत आकडे सुधारले,
मी चकल्यांचं ताट घेऊन बसले.

मग पुतणीचं लग्न, उमरेडला.
ब्लाउज उसवून घ्यायचा नाही अशी शपथ.
लग्न झालं, ब्लाउज बसला,
आणि परतीच्या एसटीत खिडकीला डोकं टेकून
मी विचार करत राहिले, आता कोणाचं लग्न?

कुंदा हेडाऊ म्हणते,
तुले कारण काऊन लागते बाप्पा?
भूक लागली का तू कारण शोधत बसतं का?
कुंदा चालते, कारण कुंदाला चालायला आवडतं.
अशा माणसांचा मला राग येतो.

खरी गोष्ट मे महिन्यातली आहे.
जुन्या शुक्रवारीतल्या आमच्या इमारतीत
नळाचं पाणी तिसऱ्या मजल्यावर चढत नाही.
(लोकांची पाण्याची बिलं मी घेते. हसा.)
शेहेचाळीस डिग्रीत कूलर दिवसाला पाच बादल्या पितो,
आणि त्या खालून आणाव्या लागतात.
त्या दुपारी लाइट गेली, उजेड कमी होता म्हणून असेल,
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी खाली नीट पाहिलं :
शहाबादी फरशीवर गंजाचं एक वर्तुळ.
माझ्या जस्ताच्या बादलीच्या बुडाएवढं.
अकरा उन्हाळे मी तिथंच दम खाल्ला होता.
फरशीनं हिशेब ठेवला होता.

हे बघून कुणी पेटून उठलं असतं.
मी बादली त्यातच ठेवली.
अगदी बरोबर बसली.

पण दुसऱ्या दिवशी
एक पायरी पुढे जाऊन टेकवली.
निम्मं पाणी पायावर सांडलं.
त्या पायरीवर कसलाच डाग नव्हता.
कुणाला सांगितलं नाही,
सांगण्यासारखं काय, एक पायरी.

प्रणयला म्हटलं, बादली उचलायला शिकव.
तो हसला, मग हसायचा थांबला,
बारा किलोचं लोखंड पुढे सरकवून म्हणाला,
घ्या, ही सांडत नाही.
पाठ सरळ, काकू. गुडघ्यातून. श्वास सोडा.
पन्नाशी उलटेपर्यंत वाकायचं कसं
हेच मला माहीत नव्हतं.

त्याला आता तीन उन्हाळे झाले.
मधे मधे सुटलंही. एकदा चिकनगुनिया,
एकदा नुसताच कंटाळा, तो जास्त दिवस पुरला.
डिसेंबरात कूलर गॅलरीत जुन्या लुगड्यात गुंडाळलेला असतो,
धुक्यात मी शाल डोक्यावरून घेऊन निघते,
तेव्हा शेजारी विचारतात, थंडीत कशाला?
डिसेंबरात मे कुणाला दिसत नाही.
मला दिसतो.
रोज नाही. पण दिसतो.

वर्तुळ अजून आहे.
फिनेलनं जात नाही, मीही फार घासत नाही.
काही दिवस त्याच्या शेजारून सरळ दारापर्यंत जाते.
गुडघा बोलायला लागला
की गुमान त्यातच बादली ठेवते,
कठड्याला टेकून वारा शोधते.

परवा फॉर्मचं नूतनीकरण होतं.
तोच रकाना, तेवढीच जागा.
मी लिहिलं : तिसरा मजला.
प्रणयनं वाचलं, डोकं खाजवलं.
काकू, तुम्ही राहताच ना तिथं?

हो, म्हटलं.